लिंक केलेला देव

"मग देव केवढा आहे?" अक्कांनी विचारलं.

"ते रथावर अवलंबून आहे," मगदूम म्हणाला.

अक्कांच्या बोटांतली शेंग फुटता फुटता थांबली.

"आणि रथ केवढा आहे?"

"ते कमानीवर अवलंबून आहे."

"कमान?"

"ती..." मगदूम जरा अडखळला. "ती रथावर अवलंबून आहे, अक्का."

अक्कांनी शेंग फोडली. दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला टाकलं.

"छान," त्या म्हणाल्या. "सगळे एकमेकांना धरून आहेत. घर चांगलं दिसतंय."

महानंदा अक्का मठात येण्यापूर्वी मिरजेकडच्या एका पॉलिटेक्निकमध्ये ड्रॉइंग शिकवायच्या. आधी फळ्यावर आणि बोर्डावर, पुढं संगणकावर. निवृत्त झाल्यावर त्यांनी दीक्षा घेतली आणि सीमेजवळच्या या लहानशा मठाचा भार उचलला. कपडे बदलले, बोलण्याची रीत बदलली नाही. विद्यार्थ्यांना आडनावानं हाक मारायच्या. आता भक्तांनाही तशीच मारत.

वीरेश मगदूम त्यांचा जुना विद्यार्थी. पुण्यात एका कंपनीत संगणकावर मशीनची डिझाइनं करायचा आणि चांगली करायचा. फक्त त्याचं एक मत होतं. आपलं काम आणि सॉफ्टवेअर यांचं पटलं नाही, तर सॉफ्टवेअरनं पुन्हा एकदा विचार करावा.

गावच्या वीरभद्राचा जुना रथ वाळवीनं खाल्ला होता. नव्या रथासाठी घराघरांतून सागवान जमलं. कुणी तुळई दिली, कुणी मुलीच्या लग्नातल्या पलंगासाठी ठेवलेल्या फळ्या दिल्या. त्याच वर्षी वेशीत लोखंडी कमानही उभी राहणार होती, आणि यात्रेला रथ त्या कमानीखालून जायचा होता. रथाचं डिझाइन मगदूमकडं. कमानीचं पद्मजा खोतकडं. तीही अक्कांचीच विद्यार्थिनी.

उद्या सकाळी वखारीत लाकूड कापायला घेणार होते. मापं आज संध्याकाळपर्यंत द्यायची होती.

मगदूम मठात विचारायला आला नव्हता. दाखवायला आला होता. मग आशीर्वाद घेऊन पुढं जायचं, असा बेत होता.

"लिंक म्हणजे काय, ते सांगतो अक्का," तो म्हणाला.

"सांग."

"म्हणजे एकाचं माप दुसऱ्याकडं बघून घ्यायचं. माझा रथ कमानीच्या दीड फूट खाली राहतो. खोतनं उद्या कमान बदलली, तर माझा रथ आपोआप बदलेल. मला तिला विचारायला नको."

"विचारायला नको," अक्का म्हणाल्या.

"हो. तेच तर सोपं आहे."

"आणि तिनं काय केलंय?"

"तिनं कमान रथाच्या एक फूट वर ठेवलीय. ती माझ्याकडं बघून घेते."

"म्हणजे तिलाही विचारायला नको."

"नको."

अक्कांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि लॅपटॉप स्वतःकडं ओढला. पडद्यावर रथ होता. चार चाकं, नक्षीचे खांब, मूर्तीच्या डोक्यावर मेघडंबरी, वर कळस. पुढं कमान. दिसायला देखणं होतं सगळं. मेघडंबरीत वीरभद्र उभा होता.

"चूक दाखवत नाही का हे?"

"दाखवत होतं. मेघडंबरी खाली आली की मुकुट तिच्यात घुसायचा. सगळं लाल व्हायचं. मग मी मूर्तीच मेघडंबरीला लिंक केली. ती खाली आली की मूर्ती लहान होते."

"देवाला लहान केलास."

"प्रमाणात, अक्का. नाक-डोळे बिघडत नाहीत."

"आणखी काही म्हणत होतं का यंत्र?"

"एक पिवळी पाटी यायची मधूनमधून. ती बंद केली."

"काय लिहिलेलं असायचं पाटीवर?"

मगदूमनं मान खाजवली.

"वाचली नाही..."

अक्कांनी नवी शेंग घेतली. "अपडेटचं बटण दाब."

मगदूमनं दाबलं. रथ अर्धा फूट खाली आला. कमानही अर्धा फूट खाली आली. देव थोडा लहान झाला.

"परत."

रथ आणखी खाली आला.

"अक्का, हे असं व्हायला नको खरं तर. काल दोनदाच दाबलं होतं, तेव्हा एवढं जाणवलं नाही..."

"परत."

तो दाबत राहिला. अक्का शेंगा फोडत राहिल्या. चाकं जागच्या जागी होती, पण खांब आखडले, मेघडंबरी चाकांच्या मधे येऊन बसली. कमानीखालून माणूस जाईना, मग वासरू जाईना, मग फक्त मांजर जाईल एवढी जागा उरली. एकही लाल रेघ आली नाही. सॉफ्टवेअर समाधानी होतं.

शेवटी अक्कांनी एक शेंग पडद्याजवळ धरली.

"एवढा?"

मगदूमनं आकडा पाहिला. त्याचा चेहरा उतरला.

"हो. जवळजवळ एवढाच."

"मग रथ कशाला? खिशातून नेऊ."

एकदम मगदूमच्या लक्षात आलं, की आपण हीच मापं संध्याकाळी वखारीला पाठवणार होतो. सागवान एकदा आखूड कापलं की ते पुन्हा लांब होत नाही. आणि ते पलंगाच्या फळ्या दिलेले पाटील रोज संध्याकाळी वेशीत बसतात.

"अक्का, काय करू?"

"खोतला बोलाव."

"ते... आमचं बोलणं नाही."

हे अक्कांना माहीत होतं. शेवटच्या वर्षी दोघांना मिळून एक यंत्र करायला दिलं होतं. खालचा डबा खोतचा, वरचं झाकण मगदूमचं. परीक्षेच्या दिवशी झाकण डब्यावर बसलं नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर दोघांनी एकमेकांकडं बोट दाखवलं. दोघांची बोटं मात्र नेमकी समोरासमोर आली, तेवढंच काय ते जुळलं. तेव्हापासून अबोला.

अक्कांनी स्वतः फोन लावला.

"खोत, मठात ये... नाही, प्रसाद नाही. ये."

पद्मजा खोत वेशीतच होती, कमानीच्या पायाचे खड्डे बघत. स्कूटर लावून आली, हेल्मेट काढलं, अक्कांच्या पाया पडली. मगदूम दिसल्यावर तिनं तोंड अक्कांकडंच ठेवलं.

"अक्का, त्यांना सांगा, माझी कमान कालपासून बसत चाललीय. त्यांच्या रथानं ओढलीय."

"अक्का, तिला सांगा," मगदूम म्हणाला, "रथ कमानीमुळं बसलाय. मी बटणाशिवाय कशाला हात लावला नाही."

"त्यांना सांगा, मी रथाच्या वर फूटभर जागा सोडलीय. नियमानं."

"तिला सांगा, मी कमानीच्या खाली दीड फूट सोडलीय. जास्तीच सोडलीय, कमी नाही."

अक्का एकदा इकडं बघत, एकदा तिकडं.

"मी तुमची लिंक नाही," त्या म्हणाल्या.

खोतनं हेल्मेट खाली ठेवलं.

"अक्का, मग चूक कुणाची?" मगदूमनं विचारलं.

"कुणाचीच नाही. तूही नीट केलंस, तिनंही नीट केलं. दोघांनी एवढं नीट केलं नसतं, तर देव बरा राहिला असता."

"म्हणजे काय करायचं?" खोत म्हणाली.

अक्का उठल्या, पदराला लागलेली टरफलं झटकली आणि दोघांना घेऊन अंगणात आल्या. मठाचं अंगण मोठं, शेणानं सारवलेलं आणि रिकामं होतं. सोमवार होता, मठातल्या वीरभद्राच्या दर्शनाला माणसं येत-जात होती.

"मगदूम, तू खोतच्या मागून चाल."

"बरं."

"खोत, तू मगदूमच्या मागून चाल."

"बरं... म्हणजे, कशी?"

"कुणी पुढं व्हायचं नाही. चाला."

दोघं जागच्या जागी उभी राहिली. मग मगदूम खोतच्या पाठीमागं जायला वळला, तेव्हा खोतही त्याच्या पाठीमागं जायला वळली. दोघं एका गोलात फिरू लागली. तो तिची पाठ शोधत होता, ती त्याची.

अक्का ओट्यावर जाऊन बसल्या.

एक फेरी झाली. दुसरी झाली. मगदूमला वाटलं, अक्का आता थांब म्हणतील. अक्कांनी सूप मांडीवर घेतलं.

इतक्यात पार्वतव्वा नावाची म्हातारी दर्शन घेऊन बाहेर आली. तिनं दोघांकडं पाहिलं, हात जोडले, चपला बाजूला काढल्या.

"कसली परदक्षिणा म्हनायची ही?"

"आज्जी, ही प्रदक्षिणा नाही," मगदूम चालता चालता म्हणाला.

"मग कशाला फिरतायसा?"

"अक्कांनी सांगितलंय."

"मग असंल कायतरी," पार्वतव्वा म्हणाली आणि खोतच्या मागून चालू लागली.

तिच्या मागं तिची सून आली. सुनेच्या मागं एक जण आला, जो फक्त सासू-सुनेला रिक्षात बसवायला थांबला होता. मग शाळेतल्या दोन बाई आल्या. कुणीतरी "हर हर महादेव" म्हटलं, आणि मागून आवाज भरला. गोल मोठा झाला. घाईत असलेल्या एका गृहस्थांनी भिंतीजवळूनच चौकशी केली, किती फेऱ्या घालायच्या असतात म्हणून. नक्की कुणालाच माहीत नव्हतं. तरी त्यांनी पाकीट शर्टाच्या आत टाकलं आणि रांगेत शिरले.

मगदूमला घाम फुटला. थांबावं, तर मागून खोत येऊन आदळणार. खोतनं थांबावं, तर पार्वतव्वा पडणार. जो तो पुढच्याकडं बघून चालत होता, आणि पुढचा पुढच्याकडं.

पार्वतव्वानं खोतच्या खांद्याला हात लावला.

"पोरी, मधी काय हाय गं? मला दिसंना झालंय नीट."

खोतनं मधे पाहिलं.

मधे सारवलेली जमीन होती. दुसरं काही नव्हतं.

"काही नाही, आज्जी..."

हे म्हटलं आणि खोत थांबली. पार्वतव्वा तिच्यावर आली, सून पार्वतव्वावर, आणि मागची सगळी रांग रेल्वेच्या डब्यांसारखी एकमेकांवर येऊन टेकली. मगदूम एकटाच पुढं गेला, मागं कुणी येईना म्हणून वळला आणि समोरून खोतवर आपटला.

"अरे, थांब ना!" खोत ओरडली.

"तू थांबलीस म्हणून मी आपटलो!"

"कुणीतरी थांबायलाच पाहिजे ना!"

"मग मीही..." मगदूम बोलता बोलता थांबला.

किती वर्षांनी तिच्याशी थेट बोललो, हे त्याच्या लक्षात आलं. तिच्याही आलं. दोघांनी एकदम दुसरीकडं पाहिलं.

"मधे काही नाही, मगदूम," खोत हळू आवाजात म्हणाली. "आपण कशाभोवती काही बांधलंच नाही. नुसतं एकमेकांकडं बघतोय."

"मग कोण थांबायचं? रथ?"

"का, कमान का नाही?"

"रथ महत्त्वाचा."

"कमान कायमची आहे. रथ वर्षातून एकदा निघतो."

"हां, पण रथात..." मगदूम म्हणाला.

दोघांनी गाभाऱ्याकडं पाहिलं.

"खरी मूर्ती केवढी आहे रे?" खोतनं विचारलं.

"मी अंदाजानं घेतली होती."

"मोजली नाहीस?"

"तू मोजलीस?"

"मी तुझ्या फाइलमधून घेतली..."

ओट्यावरून अक्कांचा आवाज आला. "टेप कपाटात आहे. हात धुऊन जा."

रांगेतल्या लोकांना काहीच कळलं नव्हतं. त्यांनी उरलेली फेरी पूर्ण केली, अक्कांना नमस्कार केला आणि समाधानानं घरी गेले.

गाभाऱ्यात मगदूमनं टेपचं टोक पायथ्याशी धरलं, खोतनं वर प्रभावळीपर्यंत ताणलं. उत्सवमूर्ती पितळेची होती. साडेतीन फूट, वर प्रभावळीची चार बोटं. मगदूमनं अंदाजानं धरलेल्या मूर्तीला प्रभावळच नव्हती.

"म्हणजे लिंक नसती, तरीही बसला नसता देव," खोत म्हणाली.

मगदूमनं मान हलवली. या वेळी त्यानं कुणाकडं बोट दाखवलं नाही.

बाहेर येऊन दोघं लॅपटॉपपुढं बसली. मूर्तीचं माप मगदूमनं हातानं लिहिलं आणि ती जागेवर पक्की केली. तिनं आता कुणाकडंही बघायचं नव्हतं. मग मूर्तीवरून मेघडंबरी, मेघडंबरीवरून कळस, कळसावरून कमान. सगळे बाण एकाच दिशेनं.

मेघडंबरी तरीही लाल झाली.

"आता काय?" मगदूम वैतागला. "देव पक्का केला, रथाची कमानीकडची लिंक तोडली. आता कुणाचं काय दुखतंय?"

अक्का वाकून बघू लागल्या.

"मेघडंबरीला कुठं बसायचं, हे कोण सांगतं?"

"मूर्तीची लिंक सांगते. मुकुटाच्या इतकं वर राहा म्हणून."

"आणखी कोण सांगतं?"

मगदूमनं यादी उघडली. दोन भाग एकमेकांवर कसे बसावेत, याचे जे हुकूम द्यायचे, त्यांना तो कन्स्ट्रेंट म्हणायचा. अक्का वर्गातही त्यांना बंधनंच म्हणत.

"चार खांबांचं बंधन आहे. खांबांच्या डोक्यावर टेक म्हणून."

"आणि खांब जुन्या अंदाजाचे आहेत," खोत म्हणाली. "आखूड."

"हं," अक्का म्हणाल्या. "एक सासू म्हणते वर बस. दुसरी म्हणते खाली बस. सून लाल होणारच."

खोत हसली. मगदूमला हसू आवरायला कष्ट पडले.

"मग कुठली सासू काढू?"

"मला काय विचारतोस? रथ उभा राहिल्यावर मेघडंबरी टेकणार कशावर आहे?"

"खांबांवर."

"मग?"

मगदूमनं मूर्तीपासून मेघडंबरीला आलेली लिंक तोडली. या दोघांना जोडायला तो आधी दोन दिवस खपला होता. मूर्तीचं माप त्यानं खांबांना दिलं. खांब उंच झाले, मेघडंबरी त्यांच्यावर जाऊन टेकली, आणि खाली चार बोटांच्या प्रभावळीसकट वीरभद्र ताठ उभा राहिला.

लाल गेलं.

"परत दाब," अक्का म्हणाल्या.

मगदूमनं भीतभीत अपडेट दाबलं. काहीही खाली आलं नाही. त्यानं पुन्हा दाबलं. खोतनंही एकदा हात पुढं करून दाबून घेतलं.

"म्हणजे माझी कमान सगळ्यात शेवटी," ती म्हणाली. तिच्या आवाजात थोडी कुरकूर होती. "मी शेवटी याच्या मागंच."

"मागं कुठं?" अक्का म्हणाल्या. "रथ येईपर्यंत उभं राहायचं, हे कमानीचं कामच आहे. त्यात मानच आहे, खोत."

खोतनं थोडा विचार केला आणि कमानीची उंची कळसावरूनच राहू दिली.

तो रथ पुढं यात्रेला निघाला आणि कमानीखालून नीट गेला. कळस कमानीखाली येत होता, तेव्हा एका खांबाशी मगदूम उभा होता, दुसऱ्या खांबाशी खोत. दोघांच्याही माना वर होत्या आणि दोघांनीही श्वास धरला होता. कळस अलगद पलीकडं गेला. मग मधे एक फूट जागा होती की सव्वा फूट, यावरून दोघं भर यात्रेत जोरात भांडली. पण थेट भांडली. तिसऱ्या कुणाला सांगायला लावलं नाही. पाटील त्या दिवशी वेशीतच बसून होते. रथाच्या मागच्या बाजूला आपल्या फळ्या त्यांनी ओळखल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवल्या.

पण त्या सोमवारी संध्याकाळी, मापं पाठवायच्या आधी, आणखी एक छोटंसं बोलणं झालं होतं.

खोत प्रसादाला आत गेली होती. मगदूमला मात्र उठवेना. एवढं सगळं डोळ्यांसमोर कोसळलेलं पाहिल्यावर आता त्याला कशावरच भरवसा नव्हता. तो एकेक भाग घेऊन बसला आणि सापडेल त्याला बंधन घालत गेला. पाया पक्का केला. खांब पक्के केले. ओढायचा दांडा पक्का केला. नक्षीतला मोरसुद्धा पक्का केला. उजेड कमी झाला तेव्हा तो लॅपटॉप दोन्ही हातांत धरून, अगदी ताटासारखा सांभाळत, अक्कांच्या समोर आला.

"झालं, अक्का. आता पुन्हा तसं कधीच होणार नाही."

"बघू."

"पाया घट्ट. खांब घट्ट. मेघडंबरी घट्ट. चारही चाकं घट्ट. कुठंही ओढून बघा."

अक्कांनी माउस घेतला. कळस ओढून पाहिला. तो हलला नाही. दांडा ओढला. हलला नाही. मग माउस पुढच्या चाकावर नेऊन ते फिरवून पाहिलं.

"एकही लाल नाही, अक्का. पिवळी पाटीसुद्धा नाही, आणि आता ती चालू ठेवलीय. यातलं काही म्हणजे काहीही जागचं हलत नाही!"

अक्कांनी चष्मा काढला. पदरानं पुसला. पुन्हा घातला...

"मगदूम."

"होय, अक्का."

"रथ आहे तो."